दूध संस्थेची बंद फाईल: बाइट वाचण्याआधी पावती वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीजवळच्या एका गावातल्या दूध संस्थेत २००८ पासून एकच प्रोग्राम चालतो. ज्याने तो करून दिला त्याने हा धंदा केव्हाच सोडला. प्रोग्राम फक्त जुन्या विंडोज एक्सपीच्या मशीनवर उठतो, तोही मागे डोंगल (परवान्याची किल्ली असलेलं छोटं उपकरण) लावला तरच. सगळा हिशेब चार-पाच डॅट फायलींत आहे. नोटपॅडमध्ये उघडल्या तर चौकोन आणि चित्रविचित्र चिन्हं दिसतात. विचारणारे स्वतः संगणकाचं शिकलेले आहेत. या फायली वाचणारा पार्सर लिहून तो इतर संस्थांसाठीही खुला ठेवायचा त्यांचा विचार आहे. सुरुवात कुठून करू, आणि हे कायद्यात बसतं का, असे त्यांचे दोन प्रश्न.

माझी वीसेक वर्षं बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांची मशीनं आणि संगणक एकमेकांशी बोलते करण्यात गेली. बंद फायली फोडायची खोड तिथेच लागली. दुधाचं काम मात्र एकदाच केलं, खानापूर तालुक्यातल्या एका संस्थेचं. तुमचा मामला जवळपास तोच आहे, म्हणून तेच उदाहरण घेऊन सांगतो. तुमच्या फायलीत आकडे वेगळे निघतील, रीत हीच राहील.

आधी कायद्याचं, कारण ते लवकर संपतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(एबी) आलं. प्रोग्राम तुमच्याकडे रीतसर असेल, स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवायला काही माहिती लागत असेल आणि ती सहज मिळण्यासारखी नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ते करणं हा कॉपीराइटचा भंग नाही. प्रोग्राम कसा चालतो याचं निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करायची मुभा पुढच्याच (एसी) मध्ये आहे. म्हणजे स्वतःच्या संस्थेची फाईल वाचणारं हत्यार तुम्ही बनवू शकता. प्रोग्राम उकलून त्याचा कोड उचलून आपल्यात घालणं मात्र वेगळी गोष्ट, ती करू नका. डोंगल फोडायच्या नादालाही लागू नका. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५ए अशा कुलपांबद्दलच आहे, आणि आपल्याला त्याची गरजही नाही. आपल्याला फाईल हवी आहे, प्रोग्राम नको. खरेदीच्या वेळी सही केलेला करारनामा कपाटात असेल तर तो काढून वाचा. आणि डेटा संस्थेचा आहे, तुमचा नाही, म्हणून संचालक मंडळाचा ठराव घ्या. आमच्याकडे तो मराठीत लिहिला आणि खाली कन्नडमध्ये पुन्हा लिहिला. सीमाभागात कागद दोनदा लिहायची सवय असतेच, इथे ती कामी येते.

आता फाईल. पहिला नियम: मूळ फायलीला हात लावायचा नाही. पेनड्राइव्हवर दोन प्रती काढा, त्यांचा शा-२५६ हॅश (फायलीचा ठसा, एक बाइट हलला तरी तो बदलतो) वहीत लिहून ठेवा आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करा.

मग ती फाईल खरंच बंद आहे का ते पाहा. हसू नका. आपल्या भागात त्या काळी केलेले निम्मेअर्धे प्रोग्राम फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये लिहिलेले असायचे, आणि पुष्कळांनी साधी डीबीएफ फाईल घेऊन तिचं आडनाव (एक्स्टेन्शन) तेवढं बदललेलं असायचं. एचएक्सडी किंवा इमहेक्ससारख्या हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे एकेक बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, फाईल उघडून पहिला बाइट बघा (मी आकडे दशमानात देतोय). ३ असेल, किंवा व्हिज्युअल फॉक्सप्रोची असेल तर ४८, आणि थोडं पुढे वाचता येण्यासारखी रकान्यांची नावं दर ३२ बाइटांनी दिसत असतील, तर तुमचं काम दहा मिनिटांत झालं. लिब्रेऑफिसमध्ये उघडा आणि चहाला जा. पाचव्या बाइटपासून 'स्टँडर्ड जेट डीबी' असे शब्द असतील तर ती ॲक्सेसची फाईल. पहिले दोन बाइट ८० आणि ७५ असतील तर ती झिप. ती दोन अक्षरं म्हणजे झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरं. माणूस २००० साली गेला, सही अजून जगातल्या प्रत्येक झिप फाईलवर आहे.

यातलं काहीच नसेल तर फाईल एकदा डोळ्यांखालून घाला. सगळीकडे सारखाच गोंधळ दिसला, कुठे शून्यांची रांग नाही, कुठे काही पुन्हा येत नाही, तर ती दाबलेली किंवा खरोखर कुलूपबंद आहे. शून्यं, पट्टे, ठरावीक अंतराने येणारा तोच बाइट असं काही दिसलं तर जीव भांड्यात पडू द्या. ती साधी तक्ता-फाईल आहे, फक्त रकान्यांवर नावं नाहीत.

आमची तशीच होती. दर वर्षाची एक फाईल. एका वर्षाच्या फाईलचा आकार १०,९४,६४२ बाइट. मी सेक्रेटरी मामांना सकाळच्या पाळीला एकच सभासद टाकायला सांगितला. फाईल १६ बाइटांनी वाढली. दुसरा टाकला, पुन्हा १६. म्हणजे एक दूध-नोंद म्हणजे १६ बाइट, हे हेक्स एडिटर न उघडताच कळलं. मग सगळ्या वर्षांच्या फायलींचे आकार १६ ने भागून पाहिले. बाकी प्रत्येक वेळी २ च. म्हणजे सुरुवातीचं हेडर २, १८, ३४, ५० असं काहीतरी. प्रत्येक नोंदीच्या शेवटी १३ हा बाइट येत होता. त्याच्यावरून मागे मोजत गेलो तर पहिली नोंद ५० व्या जागी सुरू होत होती. १०,९४,६४२ मधून ५० वजा केले, १६ ने भागले: ६८,४१२ नोंदी. आणि हेडरमध्येच एके ठिकाणी सलग चार बाइट सापडले: ६०, ११, १, ०.

हे चार बाइट कसे वाचायचे ते इथेच सांगतो, कारण नवीन माणूस पहिल्यांदा इथे अडतो. इंटेलचा प्रोसेसर आकडा उलटा मांडतो, लहान भाग आधी. ६०, अधिक ११ गुणिले २५६, अधिक १ गुणिले ६५,५३६. बेरीज ६८,४१२. नोंदींची संख्या हेडरमध्येच लिहिलेली होती. मराठी माणसाला हे खरं तर जड जायला नको. आपण 'पंचेचाळीस' म्हणतो तेव्हा पाच आधी आणि चाळीस नंतर बोलतो. कन्नडमध्ये 'नलवत्तैदु', म्हणजे चाळीस आधी, पाच नंतर. आमच्या ऑफिसातल्या कन्नड सहकाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे प्रोसेसर तुमच्या समितीचा!" (समिती म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती.) बाकी हेक्स एडिटर आकडे सोळाच्या पायावर दाखवतो. मी इथे सगळं दशमानात लिहितोय, हिशेब तोंडी जमावा म्हणून.

आता खरं काम. एक नोंद समोर ठेवतो:

१४७ ० २१६ १६३ १७ ६५ २८ ० १९४ १ २२४ ६१ ० ० ९२ १३

नुसती ही ओळ बघत बसलात तर आठवडा जाईल. मीही दोन संध्याकाळी घालवल्या. मग मामांनी कपाटातून त्या दिवसाची पावती काढली आणि वीस मिनिटांत निम्मी ओळ सुटली. या धंद्यातलं मला कळलेलं सगळं एवढंच आहे: फाईल कागदावरून उघडते. प्रोग्रामने त्या बाइटांतून छापलेली पावती, दहा दिवसांचं बिल, दर-तक्ता, सेक्रेटरीची हाताने लिहिलेली वही, ही तुमची खरी हत्यारं. आधी दुधाचा धंदा समजून घ्या, संगणक नंतर.

पावतीवर होतं: सभासद १४७, तारीख १-११-२०१४, सकाळ, म्हैस, लिटर ४.५०, फॅट ६.५, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) ८.६, दर ३५.२०, रक्कम १५८.४०.

पहिले दोन बाइट १४७ आणि ०: सभासद नंबर. सरळ आहे. ६५ म्हणजे फॅट, दहाने गुणून ठेवलेली. १९४ आणि १ म्हणजे १९४ अधिक २५६, बरोबर ४५०: लिटर, शंभराने गुणलेले. २२४ आणि ६१ म्हणजे १५,८४०: रक्कम पैशांत. दर कुठेच नाही. तो तक्त्यावरून काढला जातो, आणि तक्ता दुसऱ्या फायलीत असतो.

तारखेसाठी मी मुद्दामच हा दिवस निवडला होता. १ नोव्हेंबर २०१४ ला 'बेळगाव'चं सरकारी नाव 'बेळगावी' झालं. त्या तारखेला, एकीकडे कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिन, आमच्याकडे दरवर्षी काय वातावरण असतं ते सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. पण बंद असो की मिरवणूक, म्हैस दूध द्यायची राहत नाही, आणि ती तारीख कुणाच्या डोक्यातून जात नाही. जुनी पावती शोधायला अशी तारीख बरी पडते. बाइट २१६ आणि १६३: २१६ अधिक १६३ गुणिले २५६, म्हणजे ४१,९४४. ३० डिसेंबर १८९९ पासून मोजत आलात तर १ नोव्हेंबर २०१४ हा बरोबर ४१,९४४ वा दिवस. डेल्फीत लिहिलेले प्रोग्राम तारीख अशीच मोजतात, एक्सेलमध्येही हाच आकडा येतो. माझ्या पहिल्या पार्सरने मात्र इथे उणे २३,५९२ दाखवलं. मी दोन बाइटांचा आकडा चिन्हासकट वाचत होतो, आणि तसा वाचला की ३२,७६७ च्या पुढचं सगळं उणे होतं. तारीख थेट एकोणिसाव्या शतकात गेली तर आधी हीच चूक तपासा.

१७ हा बाइट मजेशीर. पावतीवर सकाळ आणि म्हैस. संध्याकाळी म्हशीचं दूध टाकून पाहिलं तर १८ आला. गाईचं सकाळी १, संध्याकाळी २. म्हणजे खालचा भाग पाळी, आणि म्हैस असेल तर त्यात १६ मिळवायचे. हे कळायला चार नोंदी लागल्या, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलली. ही शिस्त पाळा. लिटर आणि फॅट एकदम बदललंत तर कुठला बाइट कशामुळे हलला ते कधीच कळणार नाही.

आता २८. पावतीवर २८ कुठेच नाही. एसएनएफ ८.६ आहे, पण ८६ नावाचा बाइट ओळीत नाही. इथे मी पार अडकलो. उत्तर सेक्रेटरी मामांनी दिलं, तेही हसत. "सर, त्ये लॅक्टोमीटर हाय की. आमच्याकडं एसएनएफचं मशीन नव्हतं तवा काटाच बघत होतो." प्रोग्राम एसएनएफ साठवतच नव्हता, लॅक्टोमीटरचा, म्हणजे दुधाची घनता मोजणाऱ्या नळीचा, आकडा साठवून दर वेळी सूत्राने काढत होता. रिचमंडचं जुनं सूत्र दुग्धशाळेत सगळ्यांना पाठ असतं: लॅक्टोमीटरचा चौथा भाग, अधिक फॅटच्या ०.२ पट, अधिक एक ठरावीक आकडा. मूळ सूत्रात तो ०.१४ आहे, पण प्रत्यक्षात जागोजागी वेगवेगळा धरतात. आमच्या फाईलशी ०.३६ जुळला. २८ चा चौथा भाग ७, फॅटचे १.३, आणि ०.३६. झाले ८.६६.

पण पावतीवर ८.६ होतं, ८.७ नाही. म्हणजे प्रोग्राम दशांश जवळच्या आकड्याला नेत नव्हता, नुसता कापत होता. छोटी गोष्ट वाटेल. पण दर-तक्ता एसएनएफच्या एकेका दशांशावर चालतो. तुमच्या पार्सरने ८.७ काढलं तर तक्त्यातलं घर बदलतं, दर बदलतो आणि वर्षाच्या हिशेबात प्रत्येक सभासदाचा आकडा जुन्या बिलापेक्षा वेगळा येतो. मग गावात चर्चा एकच: इतकी वर्षं आम्हाला कमी दिलं. पार्सरचं काम जुन्या प्रोग्रामने जे केलं ते जसंच्या तसं दाखवणं. तो चुकत असेल तर ते वेगळ्या रकान्यात दाखवा, गुपचूप दुरुस्त करू नका.

शेवटून दुसरा बाइट ९२ हा पडताळा. आधीच्या चौदा बाइटांची बेरीज केली तर १,११६ येते. २५६ चे चार पट, १,०२४, वजा केले की ९२. अनोळखी शेवटचा बाइट दिसला की आधी ही बेरीज करून बघा, मग एक्सॉर (दोन आकड्यांचे बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०), मग सीआरसी (पडताळ्याचं जास्त गुंतागुंतीचं गणित). हा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो आणि गावठी प्रोग्रामांत बहुधा पहिल्याच पायरीवर काम होतं. पडताळा सापडला याचा मोठा फायदा असा की आता पार्सर स्वतःच सांगतो, कुठली नोंद बिघडलेली आहे. आमच्याकडे वीज गेल्यामुळे अर्धवट लिहिलेल्या नोंदी निघाल्या, त्या यानेच पकडल्या.

उरला आठवा बाइट, ० असलेला. तो मी 'राखीव' म्हणून सोडून दिला. ती माझी सगळ्यात महाग चूक.

पार्सर तयार झाला, नोव्हेंबरच्या पहिल्या दहा दिवसांच्या बिलाची बेरीज केली. छापील बिलापेक्षा माझी बेरीज ₹२७३.२८ ने जास्त. बाकी सगळी बिलं पैशापर्यंत जुळत होती, हे एकच नाही. ₹२७३.२८ ची कुणाचीच पावती नव्हती. दोन पावत्यांची बेरीज करून पाहिली, तिनांची करून पाहिली, काही जुळेना. शेवटी मामांची हाताची वही उघडली. १ नोव्हेंबरच्या पानावर १४७ नंबरसमोर आधी ४५ लिहून खोडलं होतं आणि वर ४.५ केलं होतं. संगणकावरही त्यांनी तसंच केलं होतं: बिंदू द्यायचा राहिला, ४५ लिटर गेलं, मग दुरुस्त केलं. प्रोग्राम जुनी नोंद पुसत नव्हता. तिच्या आठव्या बाइटमध्ये २५५ टाकून ती रद्द करत होता आणि नवी नोंद शेवटी जोडत होता. मी दोन्ही मोजत होतो.

पण ४५ लिटरचे ३५.२० प्रमाणे ₹१,५८४ होतात, २७३.२८ नाही. इथे दुसरी चूक बाहेर आली. रक्कम मी दोनच बाइटांची धरली होती, कारण पुढचे दोन कायम ० दिसत होते. त्या रद्द नोंदीत मात्र रकमेचे चार बाइट १९२, १०६, २, ० असे होते. पहिले दोनच घेतले तर २७,३२८, म्हणजे ₹२७३.२८. तिसरा बाइट धरला की १,५८,४०० पैसे, बरोबर ₹१,५८४. दोन बाइटांत ₹६५५.३५ च्या वरची रक्कम मावतच नाही, आणि त्या गावात एका पाळीला इतकं दूध कुणी घालत नव्हतं, म्हणून वर्षभराच्या नोंदींत ती चूक लपून राहिली होती. तेव्हापासून 'कायम शून्य' बाइटाला मी शून्य समजत नाही. तो कशासाठी आहे ते कळेपर्यंत पार्सरने तिथे शून्याव्यतिरिक्त काही दिसलं तर ओरडायचं, गप्प बसायचं नाही.

सभासदांच्या नावांची फाईल मात्र पूर्ण वेगळी निघाली, आणि तुमचीही तशीच असायची शक्यता आहे, म्हणून थोडं थांबतो.

त्या फाईलीत नोंदीच्या मोकळ्या जागी ११७ हा बाइट रांगेने येत होता. मोकळी जागा सहसा ३२ ने भरतात, तो स्पेसचा आकडा. ११७ आणि ३२ यांचं एक्सॉर केलं तर ८५. म्हणजे लिहिणाऱ्याने प्रत्येक बाइट ८५ शी एक्सॉर करून 'लपवला' होता. त्या काळी ही पद्धत फार चालायची. याला कुलूप म्हणणं म्हणजे दाराला सुतळी बांधून तिला कडी म्हणणं. एका नावाचे बाइट होते १८६ २३ २३० १५३ १३२, पुढे सगळे ११७. सगळे ८५ शी एक्सॉर करा: २३९ ६६ १७९ २०४ २०९.

१७९, २०४, २०९ पाहिलं आणि मला हर्ष झाला. हे इस्की. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली प्रमाण म्हणून आलेली सांकेतिक पद्धत, आयएस १३१९४. सीडॅक या सरकारी संस्थेची जिस्ट साधनं तिच्यावर चालायची. १७९ क, २०४ म, २०९ ल. बाईंचं नाव कमल. इस्कीचं वैशिष्ट्य हे की सगळ्या भारतीय लिप्यांत एका अक्षराला एकच आकडा. मराठीतला क आणि कन्नडमधला क दोन्ही १७९. मग लिपी कुठली ते कसं कळणार? त्यासाठी आधीचे दोन बाइट. २३९ म्हणजे 'पुढे लिपी सांगतो', ६६ म्हणजे देवनागरी, ७२ म्हणजे कन्नड. फाईलीत प्रत्येक नाव १८६ ने सुरू व्हायचं आणि मग कुठे २३, कुठे २९. मी आधी समजत होतो की ही बाई-पुरुष खूण असेल. खरं तर कुणाचं नाव मराठीत टाकलंय आणि कुणाचं कन्नडमध्ये, एवढंच ते सांगत होतं.

हे दोन बाइट टाकून देऊ नका. टाकलेत तरी बसवराज 'बसवराज' असाच वाचता येईल, काही बिघडल्यासारखं वाटणार नाही. पण ज्याने नाव कन्नडमध्ये दिलं त्याला ते कन्नडमध्येच छापून मिळालं पाहिजे, आणि सरकारी यादीलाही तेच लागतं. शिवाय कन्नडमध्ये ह्रस्व ए आणि ह्रस्व ओ आहेत. त्यांच्या मात्रांचे आकडे २२४ आणि २२८. देवनागरीत ती चिन्हं युनिकोडमध्ये आहेत, पण मराठी लिहिताना ती कुणी वापरत नाही. यादीत नाव शोधायला बसलात तर ते सापडणार नाही.

युनिकोडमध्ये नेताना एकास एक बदल करून भागत नाही. जोडाक्षराचा हलन्त २३२. तो दोनदा आला तर अक्षरं जोडायची नाहीत असा अर्थ, आणि त्याच्या मागोमाग २३३ आला तर अर्धं अक्षर दाखवायचं. 'कुऱ्हाडे' सारख्या आडनावातला ऱ्ह हा २०७ च्या र पासून नाही, २०८ च्या ऱ पासून होतो. आपल्या भागातली आडनावं घेऊन ही चाचणी करा. दिल्ली-बंगळुरात बनलेल्या तयार रूपांतरकांची कसोटी इथेच लागते.

तुमच्या फाईलीत इस्कीऐवजी श्रीलिपी किंवा नुडीसारख्या फॉन्टचे आकडे निघाले तर काम जास्त आहे. तिथे आकडा अक्षराचा नसून आकाराचा असतो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली, रफार नंतर. त्या फॉन्टचा नकाशा मिळवून क्रम उलटापालटा करावा लागतो. करता येतं, पण एक आठवडा धरून चाला.

पार्सर लिहायला पायथन पुरेसा आहे. मी तरी रचनेचं वर्णन आधी काइताई स्ट्रक्टमध्ये लिहितो. फाईल कशी आहे ते एकदा लिहिलं की त्यातून पायथन, जावा, सी-प्लस-प्लस अशा कितीतरी भाषांतले वाचक आपोआप तयार होतात. शिवाय तेच वर्णन तुमचं दस्तऐवज ठरतं, तुमच्या मागून येणाऱ्याला पुन्हा १६ ने भागत बसायला नको. प्रत्येक रकान्यासमोर मी तीनपैकी एक खूण ठेवतो: पावतीशी जुळलेला, अंदाजाचा, माहीत नाही. वाचणाऱ्याला कशावर किती भरवसा ठेवायचा ते लगेच कळतं.

खुला करताना खरी फाईल नमुना म्हणून टाकू नका. त्यात गावातल्या माणसांची नावं आणि पैसे आहेत, कदाचित बँक खाती आणि आधारही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवा, शेजारच्याला किती रुपये मिळाले हे गावात जगजाहीर झालं तर तुम्हाला संस्थेच्या कट्ट्यावर बसू देणार नाहीत. खोटे सभासद बनवा, खोट्या नोंदी भरा, पडताळ्याचा बाइट मात्र खरा काढा. त्यात एक रद्द नोंद, एक कन्नड नाव, एक ऱ्ह आणि एक ₹६५५.३५ च्या वरची रक्कम हवीच.

नव्या नोंदींसाठी एक सोपी वाट सुचवतो. आजपासूनचं दूध जुन्या फाईलीत अडकवायलाच नको. फॅट मशीनमधून संगणकाकडे जाणारी सीरियल वायर असेल तर तिच्यावर काय येतं ते ऐका. बहुतेक मशीनं साध्या अक्षरांत फॅट, एसएनएफ पाठवतात. वेग तेवढा जुळवावा लागतो, २४०० किंवा ९६०० पासून सुरू करा. आमच्याकडे ते अर्ध्या दिवसात झालं, जुन्या फायलींना तीन आठवडे लागले. नंदिनीला घालणारी संस्था असो की गोकुळला, वायरवरचं बोलणं मशीनच्या जातीवर ठरतं, संघावर नाही.

तुम्ही पुढे असं करा. दूध-नोंदींच्या तीन वर्षांच्या फायलींचे नुसते आकार लिहून काढा. त्यातल्या एकीचे पहिले १२८ बाइट, आणि एकाच दिवसाच्या दोन पावत्या, नावं झाकून. बिलात कधी दुरुस्ती झाली असेल तर ती तारीखही. एवढ्यावर बरंच सांगता येईल. आणि पावत्या आज संध्याकाळीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डॉट मॅट्रिक्सच्या असतील तर टिकतील, पण तुमच्या संस्थेने मधल्या काळात थर्मल प्रिंटर घेतला असेल तर त्यांच्यावरचे आकडे एव्हाना फिके पडायला लागले असतील.